वेळापत्रकातील बेचाळीस तास

आपल्याकडील कोणत्याही माध्यमिक शाळेचे वेळापत्रक पाहिले, तर त्यात गणित, विज्ञान, इंग्रजी यांच्या गर्दीत आठवड्यातून एकदोनदा 'शा. शि.' अशी दोन अक्षरे आढळतात. शारीरिक शिक्षणाचा हा तास. विद्यार्थी त्याला पी.टी.चा तास म्हणतात आणि आतुरतेने त्याची वाट पाहतात. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्याची ओळख निराळी असते. कोणाचा तरी पोर्शन राहिलेला असतो, चाचणी तोंडावर आलेली असते, आणि "आजचा तुमचा तास मला द्या" अशी विनंती क्रीडाशिक्षकाकडे येते. जून ते सप्टेंबर पावसामुळे मैदान ओले, ऑक्टोबरात सहामाही, डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी आणि जानेवारीनंतर वार्षिक परीक्षेची धास्ती. अशा रीतीने उसना घेतलेला हा तास कोणी परत केल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही. आम्हा अर्थशास्त्राच्या मंडळींच्या भाषेत बोलायचे, तर हे कर्ज देतानाच बुडीत खाती जमा झालेले असते.

हा तास म्हणजे नेमके किती? थोडा हिशेब मांडू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाचे किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापनाचे तास सांगितले आहेत. सहा दिवसांचा आठवडा धरला, तर साधारण छत्तीस आठवडे होतात. आठवड्याला पस्तीस मिनिटांचे दोन तास, म्हणजे सत्तर मिनिटे; वर्षाकाठी २५२० मिनिटे, अर्थात् बेचाळीस तास. हजारातील बेचाळीस! एकही तास उसना गेला नाही आणि एकही दिवस पाऊस पडला नाही, तरच हे बेचाळीस हाती लागणार. युनेस्कोने माध्यमिक स्तरासाठी आठवड्याला १८० मिनिटांची शिफारस केली आहे. त्या मानाने वर्षाचे १०८ तास व्हायला हवेत. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला सरासरी साठ मिनिटांची दमछाक करणारी हालचाल आवश्यक मानते. आपल्या शाळेचा आठवड्याचा सगळा साठा त्या गरजेच्या एकषष्ठांश भरतो.

या तुटपुंज्या तासांविषयी दैनिकाच्या अग्रपानावर लिहिण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. माझ्या मते पुष्कळ आहे. या बेचाळीस तासांत जे शिकायला मिळते ते उरलेल्या ९५८ तासांत सहसा मिळत नाही, आणि पुढील चाळीस वर्षांच्या नोकरीत, संसारात व सार्वजनिक जीवनात त्याचीच उणीव सर्वाधिक भासते.

जुनी परंपरा, जुनीच उपेक्षा

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला रूप दिले. अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तेव्हा शारीरिक शिक्षणाचा विचार सरकारी पातळीवर सुरू झाला. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद यांचे मार्गदर्शन त्या कामी लाभले, आणि पुढच्याच वर्षी कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना तयार करणारी सरकारी संस्था निघाली. स्वातंत्र्यानंतर आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. ज्यांची शाळा आणि घर दोन्ही सुटले होते, अशा निर्वासितांच्या मुलांपासून तिचा आरंभ झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९६८ चे व १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. १९७८ मध्ये युनेस्कोने शारीरिक शिक्षण हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याची सनद स्वीकारली. २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे, असे सांगितले आणि सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराहून अधिक असलेल्या शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. २०२० च्या धोरणाने तर खेळ आणि अध्ययन यांची सांगड घालण्याची भाषा वापरली. कागदावर काही म्हणजे काही कमी नाही. कमी आहे ती वेळापत्रकातील दोन अक्षरांना इतर विषयांइतकीच पत देण्याची तयारी.

ही पत का मिळत नाही? शारीरिक शिक्षण म्हणजे शरीराचे शिक्षण, आणि शरीर हे बुद्धीच्या खालच्या पायरीवर, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात मुरलेली आहे. ज्या कामात घाम येतो ते कमी प्रतीचे, हा आपल्या समाजरचनेचा जुनाच संस्कार आहे. तो शाळेच्या फाटकाबाहेर थांबलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

खो-खोच्या अंगणात

जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'जीवनकौशल्ये' अशी दहा कौशल्ये सांगितली: स्वतःची जाण, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, समस्या सोडवणे, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध राखणे, ताणाला आणि भावनांना सामोरे जाणे. ही यादी हल्ली प्रशिक्षणवर्गांत फळ्यावर लिहिली जाते, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत तिच्यावर पाच गुणांचा प्रश्नही येतो. कौशल्य पाठ करता येत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. पोहण्यावरचा धडा वाचून कोणी पोहायला शिकत नाही. निर्णय घेण्यावरचा धडा वाचून निर्णय घेता येईल, असे आपण कशावरून समजतो?

आपल्या परिचयाचा खो-खो घ्या. आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला मधूनच उलटे फिरता येत नाही, दोन बसलेल्या गड्यांमधून पलीकडे जाता येत नाही. समोरचा धावणारा मात्र मोकळा असतो. म्हणजे पाठलाग करणाऱ्याला क्षणोक्षणी ठरवावे लागते, की मी स्वतः धावत राहू, की पाटीवर बसलेल्या सोबत्याला खो देऊ? खो देणे म्हणजे काम अर्धवट सोडणे नव्हे. आपल्यापेक्षा योग्य जागी असलेल्याच्या हाती ते सोपवणे होय. आणि पाटीवर बसलेला? त्याला पाठीमागून कधी हाक येईल हे ठाऊक नसते. हाक येण्यापूर्वी उठला तर नियमभंग, आल्यावर उशिरा उठला तर गडी निसटतो. संयम आणि तत्परता या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गुणांचा एकाच वेळी कस लागतो.

पलीकडे तिघांची तुकडी धावण्यासाठी उतरलेली असते. एकाच्या मागे पाठलाग चालू असताना उरलेले दोघे दमही घेतात आणि डोळ्यांत तेल घालून उभेही राहतात. दमलेल्या सोबत्याचा भार आपल्याकडे ओढून घेण्यासाठी कधी मुद्दाम पुढे व्हावे लागते. नंतर डाव उलटतो. आता जे पळत होते ते पाठलाग करतात. मघाशी ज्याच्यावर आपण चिडलो होतो त्याची भूमिका आपल्याच वाट्याला येते. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे यालाच समानुभूती म्हणायचे ना? आणि या साऱ्याला साहित्य किती? दोन खांब आणि जमिनीवर ओढलेल्या फक्कीच्या रेघा. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्रातले होते. त्याचा आपल्याला अभिमान आहे; पण ज्या शाळेच्या अंगणात हा खेळ वाढला, तिथे आज किती मुले तो खेळतात, हा प्रश्न आपण त्या अभिमानाबरोबर विचारलेला बरा.

कबड्डी, लंगडी, लगोरी, आट्यापाट्या यांविषयीही असेच लिहिता येईल. लेझमीच्या पथकात पन्नास जणांच्या हालचालीत एकाचे पाऊल चुकले, तर ते सर्वांना दिसते. आणि तरीही डफ-हलगी थांबत नाही, चुकलेल्याला चालत्या ठेक्यात पुन्हा सामील व्हावे लागते. वर्गात चुकलेल्या मुलाला लाल शाईची रेघ मिळते. मैदानावर चुकलेल्याला पुढच्याच क्षणी दुसरी संधी मिळते. अपयश ही अंतिम गोष्ट नसते, हे मुलाला समजावून सांगण्याची मग फारशी गरज उरत नाही.

महाविद्यालयात वीस वर्षांच्या आसपास शिकवताना हे अभावाच्या बाजूनेही दिसते. बारावीला उत्तम गुण घेऊन आलेले विद्यार्थी चौघांनी मिळून एक प्रकल्प करायचा म्हटला, की गोंधळतात. काम वाटून घेता येत नाही, मतभेद झाले की बोलणे बंद होते, पहिल्या चाचणीत कमी गुण पडले की तास बुडवणे सुरू होते. ही मुले मंद नव्हेत, आळशीही नव्हेत. हरणे आणि पुन्हा उभे राहणे यांचा सराव त्यांना कोणी दिलेलाच नाही.

सवय लागते ती कोवळ्या वयात

आता आरोग्याकडे वळू. वाचकांत कारकुनी पेशातील मंडळी पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी एक जुने संशोधन सांगण्यासारखे आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना जेरेमी मॉरिस या वैद्यकाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दोघांचा वर्ग एक, गाडी एक. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले. टपाल खात्यातही पायी वा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यात तोच फरक दिसला. मॉरिस तेथे थांबला नाही. पुढे त्याने या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारीचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मुळातच जास्त असल्याचे आढळले. म्हणजे फरकाचा काही भाग नोकरीपूर्वीच्या देहयष्टीचा असणार. या पुरवणीमुळे मूळ निष्कर्ष बाद झाला नाही, नंतरच्या अनेक अभ्यासांनी तो दृढच केला. पण मला त्यातून वेगळाच धडा मिळतो. नोकरीला लागतानाच माणसाचे शरीर बरेचसे घडलेले असते. दुरुस्तीचे काम त्याच्या आधी, शाळेच्या वयात, व्हायला हवे.

आपल्या देशाचे चित्र गंभीर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १० कोटी १० लाख भारतीयांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील अकरा ते सतरा वयाच्या मुलांविषयी २०१९ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात २०१६ या वर्षी शेकडा ८१ मुले पुरेशी हालचाल करत नसल्याचे दिसले. मुलींत हे प्रमाण ८५, मुलांत ७८. मुंबई-पुण्याच्या सदनिकांतच हे घडते असे नाही. तालुक्याच्या गावीही सायंकाळी मैदानापेक्षा शिकवणीवर्गाच्या दारात अधिक सायकली दिसतात, आणि शिकवणीनंतर हाती मोबाइल असतो.

शरीराची काही कामे ठरलेल्या वयातच होतात. हाडांचा आयुष्यभराचा साठा बहुतांशी विशीच्या आतबाहेर भरतो. त्या वयात धावणे, उड्या मारणे घडले नाही, तर पुढे औषधाने ती तूट पूर्णपणे भरून निघत नाही. डोळ्यांचेही तसेच. चीनमधील ग्वांगचौ शहरातील बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. त्यांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा उघड्यावर घालवायला लावले. तीन वर्षांनंतर त्या शाळांत शेकडा ३०.४ मुलांना जवळच्या दृष्टीचा चष्मा लागण्याची वेळ आली; उरलेल्या शाळांत हे प्रमाण ३९.५ होते. औषध नाही, यंत्र नाही. केवळ सूर्यप्रकाश आणि मोकळी जागा!

सवय या गोष्टीचे एक अर्थशास्त्र आहे. व्यायामाचा खर्च आज करावा लागतो. लाभ तीस वर्षांनी पदरात पडतो. वडापावाचा लाभ आत्ता मिळतो. खर्च तीस वर्षांनी. दूरच्या लाभाला माणूस कमी लेखतो, आणि चौदा वर्षांचा मुलगा तर फारच कमी लेखतो. म्हणून उपदेशाचा उपयोग होत नाही. व्यायामात आजच आनंद मिळाला, तरच तो उद्या टिकतो. आणि तो आनंद सोबत्यांबरोबरच्या खेळातून जितका मिळतो तितका पुस्तकातील आहाराच्या तक्त्यातून मिळत नाही. सवय लागली, की तिच्यासाठी रोज नव्याने निश्चय करावा लागत नाही. चाळिशीत डॉक्टरांनी चालायला सांगितल्यावर महिनाभर चालून पुन्हा खुर्चीकडे वळणारे लोक आपण सगळेच पाहतो.

न मोजलेले भांडवल

थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या गाजलेल्या व्याख्यानात शिक्षणावरील व आरोग्यावरील खर्चाला उपभोग न म्हणता गुंतवणूक म्हणावे, असे सुचवले, तेव्हापासून मानवी भांडवल हा शब्द आमच्या शास्त्रात रूढ झाला. तथापि भांडवल म्हणजे परीक्षेत मोजता येणारे ज्ञान, असा त्याचा सोयीस्कर अर्थ आपण करून घेतला. पुढे जेम्स हेकमन यांनी, २००० चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले ते हेच, अमेरिकेतील एका गोष्टीकडे लक्ष वेधले. तिथे शाळा अर्ध्यावर सोडलेल्यांना एक समकक्ष परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवता येते. हे लोक बुद्धिमापनात शाळा पूर्ण करणाऱ्यांच्या बरोबरीने उतरतात; पण नोकरीत टिकणे, उत्पन्न, स्थैर्य या बाबतींत ते शाळा सोडलेल्यांच्याच जवळ राहतात. फरक कशाचा? चिकाटी, आत्मसंयम, इतरांशी जुळवून घेणे यांचा. हेकमन यांनी मैदानाविषयी लिहिले नाही, हे मी नमूद करतो. परंतु हे गुण परीक्षेने मोजले जात नाहीत आणि बाजारात मात्र त्यांना किंमत असते, एवढे त्यांनी सिद्ध केले. ते गुण शाळेत कुठे घडावेत, याचा विचार आपण करायचा आहे.

यात विषमतेचाही प्रश्न गुंतलेला आहे. शहरांत आता तासाच्या भाड्याने मिळणारी हिरवी टर्फ मैदाने आली आहेत, खाजगी क्रीडाशिकवण्या आहेत, व्यायामशाळांचे वार्षिक शुल्क आहे. ज्याची ऐपत आहे त्याचा मुलगा शाळेत नाही तर बाहेर खेळेल. गिरणीत, हमालीत, घरकामात असलेल्यांच्या मुलांना शाळेचे मैदान हेच एक मैदान. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. घरी आल्यावर पाणी भरणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, स्वयंपाकाला हात लावणे यांतून तिला संध्याकाळ मोकळी सापडत नाही. वयात आल्यावर 'आता कसले खेळणे' असेही ऐकावे लागते. शाळेचा तास ही तिच्या वाट्याची घरमान्य, समाजमान्य अशी एकमेव खेळाची वेळ. तो तास गणिताला दिला, तर कोणाकडून काय काढून घेतले, याचा हिशेब कधीतरी मांडायला नको काय?

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप नेहमीचा: खेळात वेळ गेला की अभ्यास मागे पडतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर परिसरात १९७० च्या दशकात प्राथमिक शाळांतील मुलांच्या एका गटाला रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण देण्यात आले. त्यासाठी इतर विषयांचा वेळ सुमारे एकसप्तमांशाने कमी केला. त्या मुलांचे गुण खाली आले नाहीत. पुढील इयत्तांत ते तुलनेच्या गटाहून किंचित सरसच ठरले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही शारीरिक शिक्षणाला वेळ दिल्याने अभ्यासाचे नुकसान होते, असे दिसून आले नाही. दमलेल्या मनाला नववा तास देऊन फारसे काही हाती लागत नाही. घटत्या सीमान्त उत्पादकतेचा नियम शेतालाच लागू आहे, असे थोडेच आहे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. खेळाने चारित्र्य आपोआप घडते, हे खरे नाही. जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन लहान गटात खेळणारे, पंचांवर धावून जाणारे, पराभवानंतर खुर्च्या तोडणारे हेही मैदानातूनच तयार होतात. मैदान हे साधन आहे; त्यातून काय निपजते ते शिकवणाऱ्यावर अवलंबून आहे. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावणारा शिक्षक त्या मुलाच्या मनात धावणे आणि शिक्षा यांची कायमची गाठ मारतो. साठ मुलांच्या वर्गाला एक चेंडू देऊन सावलीत बसणारा शिक्षक दहा धीट मुलांना खेळवतो आणि पन्नास जणांना प्रेक्षक बनवतो. क्रिकेटच्या एका डावात एका वेळी फलंदाजी दोघांनाच मिळते. लठ्ठ मूल, लाजरी मुलगी, पायाने अधू असलेला विद्यार्थी हे कडेला उभे राहतात. आणि खरे तर हा तास सर्वाधिक त्यांच्यासाठी असतो. जिल्हा पातळीवर ढाल आणणारा संघ हे शाळेचे भूषण आहे, यात शंका नाही. परंतु पंधरा जणांच्या ढालीवरून पंधराशे जणांच्या शारीरिक शिक्षणाचे मोजमाप करणे म्हणजे एका उद्योगपतीच्या मिळकतीवरून गावाची संपन्नता ठरवण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप जागेचा. कायद्यात क्रीडांगण असले, तरी दाट वस्तीतील शाळांना ते कोठून आणायचे? अडचण खरी आहे; पण दोरीवरच्या उड्यांना, सूर्यनमस्कारांना, लंगडीला, आसनांना व्हरांडा, गच्ची वा सभागृह पुरते. जवळच्या नगरपालिकेच्या मैदानावर सकाळचे दोन तास शाळांना वाटून देता येतात. ज्यांच्याकडे मैदान आहे, त्यांनी ते लग्नसमारंभांना भाड्याने देण्यापूर्वी शेजारच्या शाळेला विचारावे.

काय करता येईल?

मोठ्या योजनांची वाट न पाहता मुख्याध्यापक आणि शिक्षक मिळून पुढल्या सत्रापासून काही गोष्टी करू शकतात. पहिली, हा तास कोणालाही उसना द्यायचा नाही, असा शाळेचा लेखी नियम असावा. मुख्याध्यापकांनीच त्याची पाठराखण केली पाहिजे, कारण एकट्या क्रीडाशिक्षकाला नाही म्हणणे जड जाते. दुसरी, प्रत्येक मूल प्रत्येक तासाला हलले पाहिजे. साठांच्या वर्गात खो-खोचे, लंगडीचे लहान लहान संघ करून चार-पाच ठिकाणी खेळ लावता येतात. तिसरी, कर्णधार, पंच, गुणलेखक या जबाबदाऱ्या आळीपाळीने सर्वांना द्याव्यात. जो मुलगा धावू शकत नाही तो उत्तम पंच होऊ शकतो. आणि सोबत्यांच्या विरोधात निर्णय देऊन त्यावर ठाम राहणे यासारखे निर्णयशक्तीचे शिक्षण नाही. चौथी, गुण द्यायचेच असतील तर ते पहिल्या क्रमांकाला न देता स्वतःच्या मागील नोंदीशी तुलना करून द्यावेत. जूनमध्ये दहा सूर्यनमस्कारांत दमणारी मुलगी डिसेंबरात पंचवीस घालते, हे तिचे यश. पाचवी, खेळ संपल्यावर पाच मिनिटे बोलावे: आज कोणी कोणाला सांभाळून घेतले, कुठे भांडण झाले, ते कसे मिटले. या पाच मिनिटांत अनुभवाचे कौशल्यात रूपांतर होते.

शासनाकडे मागणे एवढेच, की शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचे पद हे शाळेला लागणारे पद समजावे, चैनीचे नव्हे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ मध्ये नववी ते बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा रोज एक तास अनिवार्य केला. आदेश निघाल्याने मैदाने भरत नाहीत, हे खरे. परंतु तास शिकवणारा माणूसच नसेल, तर आदेशाचा कागद फलकावर पिवळा पडतो. पालकांकडेही एक मागणे आहे. शाळेच्या सभेत आपण गणिताचे किती धडे झाले हे विचारतो. त्याच सभेत, या महिन्यात माझे मूल मैदानावर किती वेळा उतरले, असेही विचारावे. जे विचारले जाते ते शाळा करू लागते.

शिक्षणावरचा खर्च आपण पोटाला चिमटा घेऊन करतो. शिकवणीचे शुल्क, प्रवेशाची देणगी, परगावच्या वसतिगृहाचा खर्च यांत मध्यमवर्गीय कुटुंबाची बचत आटून जाते. एवढे करून हाती येणारा तरुण जर दोन जिने चढताना धापा टाकणार असेल, पहिल्या नकाराने खचणार असेल आणि पंचेचाळिशीत औषधांच्या पेटीवर विसंबणार असेल, तर त्या गुंतवणुकीचा परतावा काय, हे ज्याने त्याने पाहावे. त्यापासून त्याचा काही अंशी तरी बचाव करणारी तरतूद आपल्या शाळांच्या वेळापत्रकात आजही लिहिलेली आहे. नव्याने काही मागायचे नाही. लिहिलेले आहे तेवढे मुलांना मिळू द्यायचे आहे.